हनुवटीवरची धूळ

आमच्या घरात आठशे साठ फोटो आहेत हे मला मे महिन्यापर्यंत माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी स्कॅनर घरात आणलाच नसता.

माझे वडील जगदेवराव ग्रामसेवक होते आणि त्यांना फोटोचा नाद होता. ज्या ज्या गावी बदली झाली तिथलं एकही बारसं, एकही बैलजोडी, एकही नवी विहीर त्यांनी सोडली नाही. कॅमेऱ्यासमोर कोण उभं आहे याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसे, रोल संपवायचा असे. ते जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या पेटीला वाळवी लागली आणि एक अख्खा अल्बम माती होऊन हातात आला. तेव्हा मी सगळ्यांसमोर बोलून बसलो की उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे फोटो संगणकात घेतो. मी मानोऱ्यात मास्तर आहे. मास्तर माणसाने घरी काही जाहीर करू नये, घरचे ते लक्षात ठेवतात.

सुट्टी लागली त्याच सकाळी माझ्या बायकोने, रत्नमालाने, चहाचा कप स्कॅनरवर ठेवला. "सुरू करता ना?" एवढंच म्हणाली.

पहिल्या दिवशी मी शहाण्यासारखा एकेक फोटो काचेवर ठेवला. झाकण लावा, आधी नमुना पाहा, कडा आखा, मग स्कॅन, मग नाव टाका, मग झाकण उघडा. एका फोटोला साडेतीन मिनिटं. मी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला तर पन्नास तास निघाले, आणि हे वीज न जाता. मानोऱ्यात मे महिन्यात वीज न जाता पन्नास तास हवे असतील तर दिवाळीपर्यंत बसावं लागेल.

त्यात माय. माझी आई कस्तुराबाई, वय अठ्ठ्याहत्तर, पलंगावर मांडी घालून माझ्या खांद्यावरून बघत बसायची. काचेवर ठेवायच्या आधी प्रत्येक फोटो तिच्या हातात गेला पाहिजे. हातात गेला की परत यायचा नाही.

"हे पाह्य, हा तुह्या बापाचा साहेब. ह्याच्या घरी मी पुरनपोळ्या करून देल्या होत्या."

"माय, नंतर सांग. लाइट जाईल."

"जाऊ दे. ह्याच्या बायकोनं तूप नाही देलं पोळीवर. आपल्याच पोळ्या, अन् तूप नाही."

साहेबाच्या फोटोला अकरा मिनिटं गेली. त्यातली आठ तुपाची.

मी स्वभावाने चिडका आहे, हे मी मान्य करतो. पण चिडका माणूस कामात हुशार होतो, कारण त्याला काम लवकर संपवायचं असतं. दुसऱ्या दिवशी मी पद्धत बदलली. आधी सगळे फोटो आकाराप्रमाणे लावून घेतले. मग काचेवर एका वेळी चार ठेवायला लागलो, मध्ये बोटभर जागा सोडून. तेवढी जागा असली की यंत्र आपणच चौघांना वेगळं कापून चार फाइली करतं. नमुना पाहणं बंद. बारकावा, म्हणजे डीपीआय, सहाशेवरून तीनशेवर आणला, पोस्टकार्डाएवढ्या फोटोला तेवढा पुरतो. नावं टाकणं शेवटी, एकगठ्ठा. चार फोटोंना दोन मिनिटं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

राहिली फक्त धूळ. उन्हाळ्यात आमच्याकडे दार लावा की खिडकी लावा, काचेवर पाच मिनिटांत धुळीची साय येते, आणि ती फोटोवर काळे ठिपके होऊन उमटते. दर खेपेला काच पुसायची, फोटो पुसायचा, यात माझी वाचवलेली मिनिटं परत खर्च व्हायला लागली. मग यंत्राच्या यादीत मला एक सोय सापडली. धूळ आणि ओरखडे आपोआप काढून टाकायची. कमी, मध्यम, जास्त. मी 'जास्त'वर टिचकी मारली आणि पुसायचं फडकं रत्नमालाला परत केलं.

काय सांगू, फोटो असे निघाले की जणू काल काढलेत. ठिपके गेले, चिरा गेल्या, घड्या पडलेल्या त्याही गेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी पाचशेच्या पुढे होतो.

त्याच दुपारी मायने तिचा डबा काढला.

हा डबा बिस्किटांचा आहे, त्याला कुलूप नाही. पण तो जिच्यात असतो त्या लोखंडी पेटीला कुलूप आहे आणि त्याची किल्ली मायच्या कमरेला असते. डब्यातून तिने दोन फोटो काढले. काळेपांढरे, हाताच्या पंजाएवढे. दोन्हींत एकच पोरगी. तेच लुगडं, तोच रंगवलेला पडदा, तीच लाकडी खुर्ची.

"हे घे. पन हे नीट घे. वैजूले पाठवाचा हाय."

ती एकच पोरगी नव्हती. मायला जुळी बहीण होती, गंगू. दोघी इंझोरीच्या. दोघींमध्ये इतका सारखेपणा की माझे आजोबा एकीचा राग दुसरीवर काढायचे. शेवटी कंटाळून त्यांनी सात वर्षांच्या दोघींना गोंदणाऱ्या बाईपुढे बसवलं. कस्तुराच्या हनुवटीवर एक ठिपका, गंगूच्या हनुवटीवर दोन, एकाखाली एक. त्यानंतर गावातले लोक आधी हनुवटी बघायचे, मग नाव घ्यायचे.

एकाच मांडवात दोघींची लग्नं झाली. माय इकडे आली, गंगूमावशी शिरपूरला गेली. जायच्या आधी आजोबांनी वाशीमला नेऊन दोघींचे वेगवेगळे फोटो काढले, आणि दोघींनी ते अदलाबदल करून घेतले. गंगूचा फोटो मायने आणला, मायचा गंगूने नेला. पुढे गंगूमावशी काविळीने गेली. तिची पोरगी वैजयंती तेव्हा दोन वर्षांची. मावशीच्या पेटीतला मायचा फोटो तिच्या नवऱ्याने मायला परत आणून दिला, दुसरं लग्न केलं, आणि त्या घरात गंगूमावशीचा म्हणून काही कागद उरला नाही. वैजयंतीला आपल्या आईचा चेहरा आठवत नाही. ती आज सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि तिच्या मुलीचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या फोटोंना हार घालून पहिला मान त्यांना देतात. तिला तिथे आईचा फोटो हवा होता.

हे सगळं माय मला त्या दुपारी पुन्हा सांगत होती आणि मी "हो, हो" म्हणत काचेवर चार फोटो मांडत होतो. दोन बहिणी, एक विहीर, एक बैलजोडी. दोन मिनिटांत झालं. मायने दोघींना डब्यात ठेवलं, डबा पेटीत, आणि किल्ली कमरेला.

दोन दिवसांनी माय इंझोरीला गेली, मामाच्या घरी कुरड्या करायला. मंगळवार होता. सकाळी साडेअकराला वैजयंतीचा फोन आला.

"दादा, मायचा फोटो पाठो ना. फ्रेमवाला म्हन्ते एक वाजता दुकान बंद करून मी चाललो, मंग तीन दिवस येत नाही. अन् परवा हळद हाय."

"पाच मिनिटांत पाठवतो," मी म्हणालो.

संगणक उघडला. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. लख्ख, स्वच्छ, सुंदर. एकीचा हात टेबलावर, दुसरीचा मांडीवर. बाकी काडीचा फरक नाही. मी इंझोरीला विमलमामींच्या फोनवर फोन लावला. मायचे हात चिकात होते, म्हणून मामींनी फोन तिच्या कानाला धरला.

"माय, दोघींतली गंगूमावशी कोणती?"

"आंधळा हाय काय तू? हनुवटी पाह्य. दोन ठिपक्याची गंगू, एक ठिपक्याची मी."

मी पाहिलं. फोटो मोठा केला, अजून मोठा केला. दोन्ही हनुवट्या सोललेल्या बटाट्यासारख्या साफ. एकीवरही ठिपका नव्हता. यंत्राने धूळ समजून तिन्ही पुसले होते.

"माय, टेबलावर हात कोणाचा होता? तुझा की मावशीचा?"

"साठ वर्सं झाले राज्या. हात कुठी होता हे कोन ध्यानात ठेवते? पाठोला काय फोटो?"

"पाठवतोय," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

आता खरं सांगतो. इंझोरी काही लांब नाही. गाडीला किक मारून गेलो असतो, किल्ली घेतली असती, परत येऊन डबा उघडला असता, तर सगळं मिळून एक तास. साडेबाराला फोटो गेला असता आणि फ्रेमवाल्याला अर्धा तास उरला असता. पण बाहेर ऊन मी म्हणत होतं, वैजयंतीचा दुसरा फोन वाजत होता, आणि चार दिवस मिनिटं वाचवायची सवय लागलेल्या माणसाला एक तास फार मोठा वाटतो. मी डोकं चालवलं. मायने गंगूमावशीचा फोटो आधी दिला असणार, कारण तोच पाठवायचा होता. आधी दिला म्हणजे आधी ठेवला, आधी ठेवला म्हणजे त्याचा नंबर आधीचा. टेबलावर हातवालीचा नंबर आधीचा होता. मी तिला पाठवून दिलं आणि जेवायला बसलो. तो एक तास मी वाचवला.

बुधवारी सकाळी माय कुरड्यांचा डबा घेऊन एसटीने आली. ती पाय धुऊन बसते न बसते तोच मी म्हणालो, "माय, ते दोन फोटो दे जरा. परत स्कॅन करायचेत."

"काहून? झाले ना?"

"अजून चांगले काढतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग किल्ली काढली. मी धूळ काढायची सोय बंद केली, काच पुसली, आणि त्या दोघींना एकेक करून घेतलं. टेबलावर हातवालीच्या हनुवटीवर एक ठिपका होता. मांडीवर हातवालीच्या हनुवटीवर दोन.

म्हणजे मी पाठवलेली गंगूमावशी नव्हतीच. यंत्र काचेवरच्या जागेप्रमाणे नंबर देतं, आपण कुठला आधी ठेवला हे त्याला काय ठाऊक? मी वैजयंतीला फोन लावला. चूक झाली म्हणायचं, दुसरा पाठवतो म्हणायचं, फ्रेम गेली तर गेली, असं ठरवून लावला.

"दादा," तिने मला बोलूच दिलं नाही. "लय मोठी फ्रेम केली म्या. आल्यावर भिताडाशी लावली अन् तिच्या समोर बसली. कालपासून जो येते त्याले दाखवून राह्यली. हिरीबाई म्हने हुबेहूब गंगू, ठिपके तेवढे जुन्या फोटोत उमटले नसन. दादा, माय कशी होती हे मले कोनाले विचाराची बी लाज वाटे. तुह्यामुळं दिसली."

"बरं," मी म्हणालो. "बरं. उद्या येतोच आम्ही."

फोन ठेवला. रत्नमाला दारात उभी राहून ऐकत होती. तिला सगळं सांगितलं.

"आत्ता परत लावा फोन," ती म्हणाली.

"काय सांगू? की जिच्यासमोर बसलीस ती तुझी आई नाही?"

"हो. तेच."

"फोटोत आणि तिच्यात फरक कोणाला दिसतोय? हिरीबाई गंगूमावशीच्या शेजारची. तिलाही कळलं नाही."

"सासूबाईंचा फोटो आहे तो. त्या जिवंत आहेत आणि उद्या त्याला हार पडणार," रत्नमाला म्हणाली. "ते तरी दिसतंय ना?"

ते मला, शपथेवर सांगतो, तोपर्यंत सुचलंच नव्हतं.

संध्याकाळी मी मानोऱ्याच्या स्टुडिओतून खऱ्या फोटोची, दोन ठिपक्यांवालीची, कार्डाएवढी प्रत काढून आणली आणि पिशवीत ठेवली. हळदीच्या आधी वैजयंतीला बाजूला घेऊन हळूच देऊ, असं ठरवलं. मायला एक शब्द बोललो नाही. तिनेही विचारलं नाही.

गुरुवारी मानोरा ते वाशीम, वाशीमहून शिरपूर. रत्नमाला खिडकीकडे तोंड करून बसली होती, कारण माझ्याशी बोलायचं नव्हतं. मी पिशवी छातीशी धरून बसलो. माय वर ठेव म्हणाली तरी ठेवली नाही. बस सगळीकडे थांबत गेली. हात दाखवला की थांब, उतरायचं म्हटलं की थांब. मनात आलं, फोन करायला आत्ताही वेळ आहे. आणि तो वेळ तसाच गेला.

आम्ही पोचलो तर हळूच बाजूला घ्यायला वैजयंती कुठे मोकळी! मांडवात बायका जमलेल्या, जात्याची पूजा झालेली. दाराच्या उजव्या हाताला टेबल, टेबलावर पांढरं कापड, आणि त्यावर दीड हात उंचीची फ्रेम. सोनेरी काठ. झेंडूचा हार. समोर समई. त्या फ्रेममधून माझी माय, सतरा वर्षांची, टेबलावर हात ठेवून आमच्याकडे बघत होती.

माझी माय, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, माझ्या शेजारी थांबली.

"राज्या."

"हो माय."

"हे मी होये."

"हो."

"माह्या गयात हार काहून हाय?"

पायाखालच्या सतरंजीकडे पाहत राहिलो. रत्नमाला पुढे जाऊन बायकांत मिसळली, हे तिने शहाणपणाचं केलं.

तेवढ्यात वैजयंती आली. हिरव्या साडीत, कपाळावर हळदीचे डाग, डोळे सुजलेले. मायच्या पाया पडली आणि तिचा हात धरून टेबलापाशी घेऊन गेली. "मावशी, पह्यली हयद तूच लाव मायले. तुह्याबिगर कोन लावीन? चांगली आली ना माय?"

सगळ्या बायका टेबलाभोवती जमल्या. त्यांच्यासमोर एकच चेहरा दोनदा होता, एक काचेत आणि एक बाहेर, मध्ये साठ वर्षं. हिरीबाई पदराने डोळे पुसायला लागली. माय फ्रेमकडे बघत राहिली. इतका वेळ, की मला वाटलं आता ती काहीतरी बोलणार आणि सगळ्या मांडवासमोर माझी अब्रू जाणार. जायलाच हवी होती. पण मला चिंता माझ्या अब्रूची नव्हती, वैजयंतीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

"काजय हाय काय?" मायने विचारलं.

नवरीला तीट लावायची डबी ताटातच होती. वैजयंतीने ती पुढे केली. "काहून मावशी?"

"गोंदन पुसलं हाय हिचं. राज्याच्या मशीननं."

मायने उजव्या हाताचं बोट काजळात बुडवलं, डाव्या हाताने हार बाजूला सारला, आणि काचेवर, हनुवटीच्या बरोबर मधोमध, एक ठिपका ठेवला.

आता दुसरा. त्याच्याखाली अजून एक ठेवला की झालं. वैजयंतीची आई वैजयंतीला मिळाली, जगात कोणाला कळणार नाही, कागदावर तोच चेहरा आहे, तेच डोळे आहेत, फरक होता तो यंत्राने पुसलेलाच आहे. बोट काचेसमोर थांबलेलं होतं आणि त्याला अजून काजळ होतं. माय, ठेव दुसरा, असं मी मनात म्हणत होतो. देवाचीसुद्धा इतकी विनवणी मी कधी केलेली नाही.

मायने बोट पदराला पुसलं.

वैजयंतीने फोटोतल्या हनुवटीकडे पाहिलं. मग वळून मायच्या हनुवटीकडे पाहिलं. मावशीचा एक आणि आईचे दोन, ही गोष्ट तिने लहानपणापासून शंभरदा ऐकलेली होती. तिला कोणी काही सांगायची गरज पडली नाही.

"जित्ती हाये मी अजून वैजू," माय म्हणाली. "हार काढ माहा."

वैजयंतीने हार काढला. हातात धरून तशीच उभी राहिली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"चूक माही हाय," मी म्हणालो. "ठिपके पुसले गेले होते, मले वयखू आलं नाही. इंझोरीहून किल्ली आनाले एक तास लागला असता. म्या घाई केली. काल फोन केला तवा माईत होतं मले, अन् सांगू नाही शकलो."

एवढं सगळं मी बोलून टाकलं. तिच्या घरी, तिच्या मुलीच्या हळदीत, चाळीस बायकांसमोर.

"आता ते पिशवी उघड," माय म्हणाली. "मानोऱ्यापासून छातीशी धरून बसला हाय. काढ काय हाय ते."

मी काढला. कार्डाएवढा. वरच्या कोपऱ्यात जुनी घडी पडलेली, एक पांढरी चीर खांद्यावरून गेलेली, सगळीकडे धुळीचे बारके डाग. आणि हनुवटीवर दोन ठिपके, एकाखाली एक. वैजयंतीने हार माझ्या हातात दिला आणि फोटो दोन्ही हातांत घेतला. नखाने ठिपके मोजले. पुन्हा मोजले. मग खाली सतरंजीवर बसली आणि रडली. दोन दिवस त्या मोठ्या फोटोसमोर ती रडली होती असं नंतर हिरीबाईने सांगितलं, पण हे तसं नव्हतं, असंही तिनेच सांगितलं.

बऱ्याच वेळाने वैजयंती म्हणाली, "दोन दिवसापासून मी तुह्याशीच बोलून राह्यली होती मावशी. लय काही सांगतलं."

"आयकलं असन म्या," माय म्हणाली.

मग फोटो समईसमोर उभा केला. हार त्याला फारच मोठा झाला. दोन वेढे दिले तरी फोटो झेंडूत बुडायला लागला, म्हणून रत्नमालाने अर्धा हार तोडून बांधला. कोणीतरी मोठी फ्रेम आत न्यायला उचलली.

"राहू दे तिथंच," वैजयंती म्हणाली. "मायच्या पेटीत हाच होता ना, मावशी?"

"हाच होता. तुह्या बापानं परत आनून देला होता मले." मायने आपल्याच फोटोवर पडलेली झेंडूची पाकळी उचलली. "बरं झालं. आला आपल्या ठिकानी."

मग तिने गंगूला हळद लावली.

परतीच्या बसमध्ये वाशीमपर्यंत मायने डोळे मिटून घेतले होते. वाशीमच्या स्टँडवर गाडी बदलताना ती माझ्या हाताला धरून पायरी उतरली आणि म्हणाली, "किती वेळ वाचला रे तुहा?"

मी पुढच्या गाडीची पाटी वाचायला लागलो. रत्नमाला मोठ्याने हसली. बुधवारपासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत बसलो. पाचशे सव्वीस फोटो धूळ काढून घेतलेले होते, त्यातल्या किती म्हाताऱ्यांचं गोंदण, किती जणांचे तीळ, किती देवीचे व्रण माझ्या यंत्राने साफ केलेत ते देव जाणे. सगळे पुन्हा, आणि निवडत बसायला नको म्हणून पहिल्या दिवशीचेही. काच पुसा, फोटो पुसा, एकेक ठेवा. माय पलंगावर मांडी घालून बसलीच होती. पहिलाच फोटो तुपाच्या साहेबाचा निघाला.

"थांब," ती म्हणाली. "ह्याच्या अगुदर माहा एक काढ. तुह्या फोनमंधी."

"तुझा कशाला आता?"

"काढ म्हनते तं काढ. हनुवटी नीट येऊ दे."

मी काढला. तिने चष्मा लावून फोन डोळ्यांजवळ धरला आणि परत दिला. "कुठी हाय ठिपका?"

मी बघितलं. चेहरा गुळगुळीत, सुरकुत्या अर्ध्या गायब, हनुवटी साफ. फोनही आपणहून माणसाला सुंदर करत होता. ती सोय बंद कुठून करतात ते शोधण्यात माझी वीस मिनिटं गेली, मध्ये एकदा लाइटही गेली. मी फोनला दोन शिव्या दिल्या. माय तशीच खिडकीकडे हनुवटी वर करून बसून राहिली. तिचा ठिपका आता काळा राहिलेला नाही, हिरवट पडलाय, आणि सुरकुत्यांत शोधावा लागतो.

"दिसते काय आता?" तिने विचारलं.

"दिसते."

"मंग ठेव जपून," माय म्हणाली. "एकच हाय हे दिसलं पाह्यजे. नाही तं हार घालाच्या वक्ताले परत इचारत बसान, कस्तुरा कोनती."